श्रमातील मन : वऱ्हाडातील कामगार, बाबासाहेबांचे निदान आणि पालि वाङ्मयातील ‘छंद’

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत अंजनगाव सुर्जीचे नाव एका तहामुळे येते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात येथे तह झाला. त्याआधी सप्टेंबरमध्ये असईची आणि नोव्हेंबरच्या अखेरीस अडगावची लढाई झाली होती, आणि डिसेंबरच्या मध्यास गाविलगड पडला होता. गाविलगडाच्या वेढ्यात कंपनीच्या सैन्याने जड तोफा सातपुड्याच्या अवघड वाटांनी माणसांच्या हातांनी ओढून नेल्या, असे इतिहासकार नमूद करतात. तहावर सही करणाऱ्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. तोफा ओढणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि ते भीतीने ओढत होते, पगारासाठी ओढत होते की अन्य कशासाठी, हा प्रश्नही कोणी विचारला नाही.

हा प्रश्न आम्हास याच गावी ऐकावयास मिळाला. काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या निमित्ताने येथील एका विहारात आम्ही सिगालोवाद सुत्तावर बोलत होतो. काम मन लावून करावे, असे सुत्ताच्या आधारे सांगून झाल्यावर मागे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने हात वर केला आणि म्हटले, “सर, मन लावून काम करा मन्ता तुमी. म्या वीस वर्सं जिनात कापूस टाकला. मन तं कधी लागलंच नाही. दोष माहा होता का कामाचा?”

त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते, याची जाणीव आम्हास परतीच्या वाटेवरच झाली. माणूस काम का करतो, कोणत्या कामात त्याचे मन लागते आणि कोणत्या कामातून ते उठते, या विषयावर आज व्यवस्थापनशास्त्रात पुष्कळ ग्रंथ आहेत. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी या देशात सर्वाधिक आणि सर्वांत अप्रतिष्ठित श्रम केले त्यांच्या बाजूने हा विषय क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही वऱ्हाडातील श्रमाच्या इतिहासाचे काही टप्पे पाहून, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेले निदान आणि पालि वाङ्मयातील विचार यांच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न करीत आहोत.

गावगाड्यातील काम

जुन्या गावगाड्यात महाराचे काम जन्माने ठरलेले होते. गावाच्या सीमेची माहिती ठेवणे, सरकारी सारा पोहोचविणे, निरोप नेणे, राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावणे ही कामे त्याच्याकडे होती. मोबदला म्हणून खळ्यावरचे बलुते, काही हक्क आणि कोठे कोठे वतनाचा जमिनीचा तुकडा. या हक्कांची संख्या बावन्न असल्याची परंपरा महार समाजात सर्वत्र सांगितली जात असे. तपशील प्रांतोप्रांती वेगळा होता, पण तत्त्व एकच होते : काम करणाऱ्याने काम निवडावयाचे नाही आणि मोबदला मागावयाचा नाही, तो दात्याच्या मर्जीने स्वीकारावयाचा.

या पद्धतीचे कायदेशीर स्वरूप बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात उघडे केले. मुंबई इलाख्यातील १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मांडले. महाराच्या सेवेला वेळेची मर्यादा नाही, सरकार त्याच्याकडून चोवीस तास काम घेते, तो गैरहजर असला तर त्याच्या कुटुंबातील माणसाला पकडले जाते आणि मोबदला मात्र सरकार न देता गावकऱ्यांच्या मर्जीवर सोडते, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. वतनाच्या तुकड्यामुळे समाजाची महत्त्वाकांक्षाच मारली गेली आहे, हे त्यांनी ‘बहिष्कृत भारता’तूनही समाजाला पुनःपुन्हा सांगितले. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तो पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या माणसाला चांगले काम केल्याने अधिक मिळत नाही, वाईट काम केल्याने काम सुटत नाही आणि काम टाकून जाण्याची मुभा नाही, त्या माणसाने कामात मन का घालावे? तरीही शतकानुशतके त्यालाच आळशी आणि अप्रामाणिक म्हटले गेले. व्यवस्थेचा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलण्याची ही रीत जुनी आहे आणि ती अद्याप संपलेली नाही.

जिनाचा भोंगा

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तेथील कापूस लँकेशायरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये खामगावला आणि त्यानंतर लवकरच अमरावतीला लोहमार्गाचे फाटे आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर हे अरुंद मार्ग कापसाच्या वाहतुकीसाठीच बांधले गेले. त्यांपैकी दुसरा दर्यापूर आणि अंजनगाववरून जात असे. ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी ती गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. गेली काही वर्षे ती बंद आहे.

लोहमार्गाबरोबर जिन आणि प्रेस आले. पूर्वी घराघरांत रेच्यावर सरकी काढली जाई, ते काम आता यंत्रावर होऊ लागले. यंत्रात कापूस टाकण्याच्या कामावर प्रामुख्याने स्त्रिया असत, गाठी बांधणे आणि बाष्पक सांभाळणे ही पुरुषांची कामे होती. हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे. गावकुसाबाहेरच्या माणसाला प्रथमच रोख रोजी मिळू लागली, ही या बदलाची मोठी बाजू होती. जिनाच्या भोंग्याला जात कळत नव्हती. पाटलाच्या वाड्यावर हात पसरण्याऐवजी हप्त्याचे पैसे मोजून घेण्यात जो ताठपणा होता, त्याचे मोल आमच्या आजी-आजोबांनी ओळखले होते.

परंतु जिनातील कामाची स्थिती काय होती? १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांसाठी कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास ठरविली होती. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगाच्या चौकशीत असे उघड झाले की जिनांमध्ये ऐन हंगामात ही मर्यादा सर्रास ओलांडली जाते. हवेत कापसाच्या तंतूंची धूळ, रोलरचा अखंड आवाज, कडेला टोपलीत झोपलेले मूल, आणि डोक्यावर मुकादम. कामावर कोणाला घ्यावयाचे, कोणाचा खाडा मांडावयाचा, कोणाला बरे यंत्र द्यावयाचे हे सर्व मुकादमाच्या हाती. जातीची सक्ती गेली आणि तिच्या जागी पोटाची सक्ती आली. कामावर निवड काही प्रमाणात आली, पण कामात मन लागावे असे काही आले नाही.

याच प्रदेशातील कापूस ज्या गिरणीत जात असे त्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचा इतिहास येथे आठवतो. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू केली. कामगार नियमित येत नाहीत, ही सुरुवातीची मोठी तक्रार होती. त्यांना दंड करण्यावरच न थांबता व्यवस्थापनाने दुसरा मार्ग शोधला. चांगली हजेरी आणि चांगले काम यांसाठी बक्षिसे, त्यांच्या वाटपाचा समारंभ, हवा खेळती ठेवण्याची सोय, १८८६ पासून निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई अशा योजना तेथे आल्या. कामगाराकडे माणूस म्हणून पाहिल्यास काम सुधारते, हे भारतात एका मालकाने एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते. नागपूरच्या गिरण्यांत महार स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते आणि पुढे आमच्या चळवळीचे अनेक कार्यकर्ते त्याच वस्त्यांतून आले. किसन फागोजी बनसोडे यांनी १९१८ साली ‘मजूर पत्रिका’ सुरू केली, यावरून श्रमाचा प्रश्न आणि अस्पृश्यतेचा प्रश्न यांचा संबंध विदर्भातील आमच्या पूर्वसूरींना किती लवकर उमगला होता, हे दृष्टोत्पत्तीस येते.

पाश्चात्त्य विचाराची वाट

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक कामाचे लहान लहान भाग पाडावेत, घड्याळ लावून त्यांची सर्वोत्तम रीत ठरवावी आणि त्या रीतीने अधिक काम करणाऱ्यास अधिक वेतन द्यावे, हा त्याचा विचार. विचार करणे व्यवस्थापकाचे काम, हात चालविणे कामगाराचे. माणूस मुख्यतः पैशासाठी काम करतो, हे त्यात गृहीत होते.

या गृहीताला पहिला मोठा तडा शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात गेला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. प्रारंभी प्रकाश वाढविल्यास उत्पादन वाढते का, एवढेच पाहावयाचे होते. प्रकाश वाढविला तेथे उत्पादन वाढले, पण वाढविला नाही तेथेही वाढले. पुढे काही स्त्री कामगारांना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांती, तास आणि वेतन बदलून पाहण्यात आले. दुसऱ्या एका खोलीतील चौदा पुरुषांनी आपसात एक मर्यादा ठरवून घेतली होती आणि जास्त पैसे मिळत असूनही तिच्यापुढे कोणी जात नव्हता. एल्टन मेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की कामगार हा सुटा प्राणी नाही, तो एका गटाचा सदस्य असतो, आणि आपली कोणी दखल घेते ही भावना त्याच्या कामावर परिणाम करते. या प्रयोगांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, पण विचाराची दिशा बदलली ती बदललीच. १९४३ मध्ये मॅस्लोने मानवी गरजांची चढती श्रेणी मांडली. १९६० मध्ये मॅकग्रेगरने दाखविले की माणूस मुळात कामचुकार आहे असे मानणारा व्यवस्थापक तशीच व्यवस्था उभी करतो आणि मग तिचे फळ पुरावा म्हणून दाखवितो.

हे सर्व विचार मोलाचे आहेत. परंतु भारतातील वाचकाने एक प्रश्न विचारला पाहिजे. कामगार गटाचा सदस्य असतो हे खरे, पण तो गटच जातीचा असेल तर? हॉथॉर्नच्या खोलीत एकत्र बसलेल्या कामगारांत एकाच्या स्पर्शाने दुसरा विटाळत नव्हता. आमच्या गिरण्यांत विटाळत होता.

बाबासाहेबांचे निदान

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूत खात्यात घेत, पण अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात घेत नसत. कारण असे सांगितले जाई की धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागते आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार घेणार नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाकडे हक्क मागणारा कामगार आपल्याच शेजारच्या कामगाराचा हक्क नाकारतो, ही विसंगती त्यांनी दाखविली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, हे सर्वश्रुत आहे. त्याच भाषणातील एक तपशील मात्र कमी उद्धृत होतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत बहुधा गँगमनच राहतो, त्याला पोर्टर होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात येऊ देता येत नाही, असे त्यांनी निदर्शनास आणले. नोकरीच्या नियमपुस्तकात जात कोठेच नव्हती. ती कामाच्या अनौपचारिक रीतीत होती. संस्था कागदावर जशी असते तशी ती प्रत्यक्षात नसते, हे अमेरिकेतील संशोधकांनी जे सांगितले, ते बाबासाहेबांनी आमच्या स्टेशनच्या फलाटावरून सांगितले.

या प्रश्नाचे तात्त्विक निदान मात्र १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या त्यांच्या न झालेल्या भाषणात आहे. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, हा युक्तिवाद खोडताना त्यांनी ती श्रमिकांची विभागणी असल्याचे दाखविले, हे प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. त्यापुढचा मुद्दा आमच्या विषयाचा गाभा आहे. आधुनिक उद्योगातील मोठे दुःख केवळ दारिद्र्य किंवा कष्ट हे नसून, ज्या कामाची ओढ नाही अशा कामाला असंख्य माणसे बांधलेली आहेत हे आहे. अशा कामाविषयी घृणा आणि ते टाळण्याची इच्छा निर्माण होते. आणि जेथे माणसाचे हृदय कामात नाही आणि बुद्धीही नाही तेथे कार्यक्षमता कोठून येणार, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

हे विधान आज पुन्हा वाचणे आवश्यक आहे. राखीव जागेवरून कार्यालयात आलेल्या आमच्या बांधवास ‘कार्यक्षमता’ हा शब्द आयुष्यभर ऐकावा लागतो. बाबासाहेबांनी तो शब्द उलट फिरवून व्यवस्थेवर रोखला होता. ज्या व्यवस्थेने कोट्यवधी माणसांना निवडीशिवाय काम दिले, कामाला प्रतिष्ठा दिली नाही आणि प्रतिष्ठेचे काम दिले नाही, ती व्यवस्थाच अकार्यक्षमतेची जननी होय.

निदानाबरोबर त्यांनी उपचारही केला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय परिषद घेऊन ते दिल्लीस गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा, सेवायोजन कार्यालये, खाणीतील स्त्रियांसाठी प्रसूतीची तरतूद ही त्या काळातील कामे प्रसिद्ध आहेत. वऱ्हाडच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तास आणि हंगामी कारखान्यांसाठी ६० तास अशी मर्यादा होती. जिन आणि प्रेस हंगामी कारखान्यांत मोडत. १९४६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा अनुक्रमे ४८ आणि ५० तासांवर आली. म्हणजे जिनातील बाईच्या आठवड्यातून कायद्याने दहा तास कमी झाले. त्या दहा तासांत काय करावयाचे ते तिने ठरवावयाचे होते. मन लागण्याची पहिली अट हीच आहे की काही वेळ तरी माणसाचा स्वतःचा असावा.

पालि वाङ्मयातील विचार

आता आम्ही मूळ प्रश्नाकडे पालि वाङ्मयाच्या अंगाने पाहू. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात खालच्या दिशेच्या संदर्भात मालक आणि सेवक-कामगार यांची परस्पर कर्तव्ये आली आहेत. मालकाची पाच कर्तव्ये अशी : शक्तीनुसार काम नेमून देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष गोडधोड असल्यास त्यात वाटा देणे आणि योग्य वेळी सुट्टी देणे. यानंतर कामगाराची कर्तव्ये येतात आणि त्यांत काम चांगले करणे हे आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्या दिवशी विहारात आम्ही दुसरा भाग सांगितला आणि पहिला घाईने उरकला. उपासिकेने नेमके त्यावर बोट ठेवले.

अभ्यासकाने हेही सांगितले पाहिजे की या सुत्ताच्या काळातील समाजात दास होते आणि सुत्तात ‘दास’ हा शब्दही आहे. पळून आलेल्या दासास प्रव्रज्या न देण्याचा नियम विनयात आहे, तोही लपविण्याचे कारण नाही. परंतु अंगुत्तरनिकायात उपासकाने न करण्याच्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापार आहे, आणि कूटदन्त सुत्तात राज्यातील उपद्रव शिक्षेने थांबत नाही, शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास अन्न-वेतन दिल्याने थांबतो, असे सांगितले आहे. तथागतांनी माणसाच्या वर्तनाचे कारण त्याच्या परिस्थितीत शोधले. ही दृष्टी त्या काळासाठीच नव्हे, आजही नवी आहे.

दुसरा विचार ‘छंद’ या शब्दाचा. मराठीत छंद म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा. काम वेगळे आणि छंद वेगळा, हे आमच्या भाषेत इतके पक्के झाले आहे की त्यातील दुःख आमच्या लक्षात येत नाही. पालि परंपरेत चार इद्धिपादांतील पहिला पाय छंद आहे. नंतर वीर्य, चित्त आणि वीमंसा. बुद्धघोषाचार्यांनी ‘विसुद्धिमग्गा’त छंदाचा अर्थ काही करण्याची इच्छा असा दिला आहे. तृष्णेहून तो वेगळा आहे. तृष्णेला फळ हवे असते, छंदाला कृती हवी असते. कौशांबीच्या घोषितारामात उण्णाभ ब्राह्मणाने भदन्त आनंदांना शंका विचारली की इच्छेनेच इच्छा सोडावयाची तर या मार्गाला अंत कोठे? आनंदांनी उलट विचारले, आरामात येण्यापूर्वी तुला येथे येण्याची इच्छा होती ना? येथे पोहोचल्यावर ती शमली ना? छंद कार्य पूर्ण झाल्यावर शमतो. तृष्णा पूर्ण होत नाही म्हणून शमत नाही. बक्षीस आणि बढती यांवर चालणाऱ्या कार्यालयांत माणसे वर चढूनही असंतुष्ट का राहतात, याचे उत्तर येथे आहे.

हाच ‘छंद’ शब्द पालि वाङ्मयात दुसऱ्या एका अर्थाने येतो, आणि तेथे तो दोष आहे. छंद, द्वेष, मोह आणि भय या चार अगती होत. येथे छंद म्हणजे पक्षपात. ज्याच्या हाती वाटप आहे त्याने या चार वाटांनी जाऊ नये. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त यांची कथा आहे. आलेल्या भिक्खूंना निवास आणि भोजनाची निमंत्रणे नेमून देण्याचे काम त्यांनी मागून घेतले आणि संघाने रीतसर ठरावाने त्यांची नेमणूक केली. सुत्ते पाठ करणाऱ्यांना एकत्र, विनयधरांना एकत्र, ध्यानी भिक्खूंना एकत्र अशी व्यवस्था ते करीत, म्हणजे एकाच्या कामाचा दुसऱ्यास अडथळा होऊ नये. तरीही वाट्यास हलके भोजन आलेल्या काही भिक्खूंनी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. संघाने चौकशी केली आणि आळ खोटा ठरला. वाटप करणारा कितीही शुद्ध असला तरी त्याच्यावर संशय येतो, म्हणून नेमणूक उघड हवी, निकष उघड हवेत आणि चौकशीची रीत हवी, हे या कथेतून निघते. जिनातील मुकादमाकडे यांपैकी काहीच नव्हते. तो मर्जीने, रागाने, अज्ञानाने आणि मालकाच्या भीतीने, म्हणजे चारही अगतींनी चालत असे.

तिसरे उदाहरण मज्झिमनिकायातील चूळगोसिंग सुत्ताचे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे शालवनात राहत होते. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी, पाणी भरून ठेवी. जो शेवटी परते तो भोजनस्थान झाडून काढी. पाण्याचे भांडे रिकामे दिसले की ज्यास दिसेल तो भरी, आणि एकट्यास उचलेना तर हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलावी. तेथे मुकादम नव्हता. हलके काम आणि भारी काम अशी जातही नव्हती, झाडणे हे शेवटी येणाऱ्याचे काम होते, जन्माने झाडणाऱ्याचे नव्हते. आम्हास संपूर्ण त्रिपिटकात कामाच्या संघटनेचे याहून चांगले चित्र आढळले नाही.

असे काही केवळ वनातच शक्य होते असे नाही. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे भिक्खुसंघासाठी ठेवलेल्या अक्षय ठेवीचा उल्लेख आहे : दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. या मुद्दलाला हात न लावता व्याज कायम द्यावयाचे होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात विणकर हे एक विश्वासार्ह संघटन होते आणि राजकुलातील माणूस त्यांच्याकडे पैसा ठेवीत होता. त्याच महाराष्ट्रात विसाव्या शतकात विणकाम खात्याचे दार तोंडच्या विटाळाने बंद झाले. मधल्या काळात काय घडले, याचा विचार वाचकांनी करावा.

खराटा

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात डेबूजी जाणोरकर यांचा जन्म झाला. मामांच्या गावी त्यांनी गुरे राखली, शेती केली. १९०५ मध्ये घर सोडून ते गाडगेबाबा झाले. त्यांचा कीर्तनाचा मार्ग आमचा नव्हे, पण श्रमाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. गावात शिरताच ते खराट्याने रस्ता झाडू लागत. कोणास आज्ञा करीत नसत. थोड्या वेळाने गाव झाडू लागे. समानता हे चार संग्रहवस्तूंपैकी शेवटचे तत्त्व : जे दुसऱ्याने करावे असे वाटते ते स्वतः त्याच्या बरोबरीने करणे. ज्या कामाला हजारो वर्षे विटाळाचे काम म्हटले ते काम प्रतिष्ठितांच्या हाती देऊन त्यांनी त्यातील जात काढून टाकली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती विद्यार्थ्यांसाठी. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले.

आमच्या संस्था

शेवटी आम्हास स्वतःकडे वळणे भाग आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या समाजाने गावकीची अप्रतिष्ठित कामे टाकली आणि शिक्षणाकडे जी झेप घेतली, ती माणसाच्या मनाविषयीचा या देशातील सर्वांत मोठा पुरावा आहे. ज्यांना आळशी म्हटले जात होते ते लोक रात्रीचे जागून शिकले, कारण काम त्यांनी निवडले होते.

परंतु आज आमच्या विहार समित्या, शिक्षणसंस्था आणि पतसंस्था यांत काय दिसते? आम्ही स्वतः एका अशाच समितीत काही वर्षे काम केले. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कोणी विचारला की तो विरोधक ठरे. खुर्च्या उचलण्यास तीच चार मुले असत, आणि व्यासपीठावर तीच चार माणसे. ती मुले एक-एक करून येईनाशी झाली, तेव्हा तरुण पिढीत धम्माची आस्था उरली नाही, असा ठराव आम्ही सर्वांनी मिळून केला. त्या ठरावावर आमचीही सही आहे. आज आठवले म्हणजे वाटते, त्या मुलांना आम्ही जिनातील कामगाराप्रमाणे वागविले आणि मन लागले नाही म्हणून दोष त्यांनाच दिला.

ज्यांनी जातीच्या व्यवस्थेत हे सोसले त्यांनी आपल्या संस्थेत ते करू नये, ही साधी अपेक्षा आहे. त्यासाठी नवे ग्रंथ लागत नाहीत. वाटप करणाऱ्याची नेमणूक सर्वांसमोर व्हावी. हिशेब विचारणाऱ्याचा आदर व्हावा. अध्यक्षांनी वर्षातून काही वेळा तरी सतरंज्या उचलाव्यात. ज्याला जे काम आवडते ते त्याला विचारून द्यावे. आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईस, आमच्या शेतात कपाशी वेचणाऱ्या मजुरास शक्तीनुसार काम, वेळेवर वेतन, आजारपणात मदत आणि सुट्टी द्यावी. आता आमच्यापैकी काहीजण मालकही झाले आहेत, आणि सुत्ताचा पहिला भाग आता आम्हालाही लागू होतो.

त्या उपासिकेस आम्ही पुढच्या वर्षावासात पुन्हा भेटलो. दोष तुमचा नव्हता, असे आम्ही त्यांना सांगितले, आणि का नव्हता हेही शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या की हे त्यांना ठाऊकच होते, पण सरांच्या तोंडून ऐकायचे होते. वंदना झाल्यावर त्या उठल्या आणि कोणी न सांगता विहाराचा ओटा झाडू लागल्या. आम्ही काही क्षण उभे राहिलो, मग दुसरा खराटा कोठे आहे ते विचारले.